टॉर्शनची पेटी आणि शिंदखेड्याचे शेत

गेल्या वर्षी देवदिवाळीच्या सुमारास माझ्या मामांनी शिंदखेडा तालुक्यातल्या आपल्या शेतात पाणी शोधण्यासाठी अठरा हजार रुपयांना एक यंत्र विकत घेतले आणि पंधरा दिवसांनी ते माझ्याकडे जळगावला पाठवून दिले. त्यापूर्वी त्याच शेतात तीन बोअर कोरड्या गेल्या होत्या. पहिल्या दोन जागा पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून दाखवल्या होत्या आणि तिसरी कडुनिंबाच्या दुबेळक्याने, म्हणजे दोन फाटे असलेल्या काटकीने. त्यामुळे काळ्या पेटीत पडदा, दिवा आणि बीप असा आवाज असलेले यंत्र पाहून मामांना ते नारळापेक्षा शास्त्रीय वाटले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकात लिहिले होते की, जमिनीखालून वाहणारे पाणी विद्युतचुंबकीय क्षेत्राला पीळ घालते, या पिळाला टॉर्शन म्हणतात आणि पेटीतला मॅग्नेटिक सेन्सर तो पकडतो. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून खात्री करण्याचे काम माझ्याकडे आले. फोनवर मामांनी त्या कामाची व्याप्तीही ठरवून दिली: "पानी शे का नही, इतलंच सांग, भाऊ."

एवढेच सांगणे मला जमले नाही. मात्र त्या पेटीच्या निमित्ताने पुढचे सहा-सात महिने जे मोजले आणि वाचले, ते लिहून ठेवावेसे वाटले, कारण माहितीपत्रकातला प्रत्येक शब्द कुठे ना कुठे खरा आहे आणि तरीही त्या शब्दांतून उभे राहिलेले वाक्य खोटे आहे.

सुरुवात पिळापासून करतो. ‘टॉर्शन’ हा शब्द पदार्थविज्ञानात निदान दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बाजारातला सगळा घोळ या दोन अर्थांच्या फटीतून आत शिरतो. पहिला अर्थ तारेच्या किंवा दोरीच्या पिळाचा. कुलोम याने १७८५ साली विद्युतप्रभारांमधले बल मोजले आणि कॅव्हेंडिशने १७९८ साली शिशाच्या गोळ्यांमधले गुरुत्वाकर्षण मोजले, ते बारीक तारेला पडणाऱ्या पिळावरूनच. अशा तराजूला टॉर्शन बॅलन्स म्हणतात. दुसरा अर्थ भूमितीचा आहे. फ्रेंच गणिती एली कार्तां याने १९२२ साली असा विचार मांडला की आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात अवकाशकालाला जशी वक्रता असते, तसा पीळही असू शकेल.

हा दुसरा पीळ म्हणजे काय, हे शेताच्या भाषेत सांगता येते. बांधाच्या एका कोपऱ्यावरून एक माणूस आधी शंभर पावले पूर्वेला आणि मग शंभर पावले उत्तरेला चालतो, दुसरा माणूस आधी उत्तरेला आणि मग पूर्वेला चालतो. सपाट शेतात दोघे एकाच जागी भेटतात आणि चौकोन पुरा होतो. अवकाशात टॉर्शन असेल तर दोघांनी दिशा आणि अंतर काटेकोर सांभाळूनही ते एकमेकांना भेटत नाहीत. चौकोनाचे तोंड उघडेच राहते आणि ती फट चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. वक्रतेने दिशा वळते आणि टॉर्शनने जागा सरकते, एवढा फरक ध्यानात ठेवला तर पुढचे समजायला अडचण येत नाही. डेनिस शियामा आणि टॉम किबल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या कल्पनेला आजचे रूप दिले. त्या रूपात टॉर्शनचा उगम वस्तुमानात नसून कणांच्या स्पिनमध्ये आहे. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाला जन्मतःच असलेला कोनीय संवेग. नेहमीच्या पदार्थात निम्म्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका बाजूला आणि निम्म्यांचे दुसऱ्या बाजूला असल्यामुळे त्यांची बेरीज जवळजवळ शून्य होते आणि टॉर्शनचा परिणाम दिसावा इतकी स्पिनची दाटी तर अणुकेंद्रातही होत नाही. वाहत्या पाण्यातली स्पिनची बेरीज या हिशेबात धरण्याजोगीही नाही.

विद्युतचुंबकीय क्षेत्र आणि हा पीळ यांचा संबंध मात्र थोडे थांबून पाहण्यासारखा आहे, कारण पेटीचा सगळा दावा त्यावर उभा आहे. प्रचलित सिद्धान्तात प्रकाश आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र टॉर्शनला ओळखतच नाहीत. विद्युतचुंबकत्वाचे नियम सांगणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांत टॉर्शन सरळ घुसवले, तर त्यात एक जादा पद येते आणि ते गेज सममिती मोडते. ही सममिती म्हणजे विद्युतप्रभार कुठेही आपोआप निर्माण होत नाही किंवा नाहीसा होत नाही या नियमाची गणिती बाजू. म्हणून ते पद घ्यायचेच नाही, असा बहुतेकांचा निर्णय आहे. ही सममिती राखूनही टॉर्शन विद्युतचुंबकीय क्षेत्राशी जोडता येईल अशी एक युक्ती होखमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली सुचवली होती, पण पुढच्याच वर्षी तैवानच्या नी यांनी दाखवले की ती युक्ती खरी असती तर वेगवेगळ्या धातू सूर्याकडे किंचित वेगवेगळ्या त्वरणाने ओढल्या गेल्या असत्या, आणि तसे होत नाही हे पिळाच्या तराजूंनी आधीच मोजून ठेवले होते. पिळाच्या एका अर्थाच्या उपकरणाने दुसऱ्या अर्थाच्या पिळाला लगाम घालावा, हा योगायोग मला फार आवडतो.

यापेक्षाही आवडणारी गोष्ट सिॲटलची आहे. टॉर्शन चुंबकीय क्षेत्राला हात लावत नसले तरी इलेक्ट्रॉनच्या स्पिनला लावू शकते, आणि तेही एखाद्या क्षीण चुंबकीय क्षेत्राने लावावे त्याच पद्धतीने. म्हणजे टॉर्शन शोधायचे तर पुष्कळसे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला स्पिन करून टांगले पाहिजेत आणि ते कुठे वळतात ते पाहिले पाहिजे. अडचण अशी की एका दिशेला रांगेत उभे केलेले इलेक्ट्रॉन म्हणजे साधा लोहचुंबकच झाला. तो पृथ्वीच्या क्षेत्राने वळेल, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीने वळेल, शेजारच्या खोलीतल्या वायरीने वळेल, आणि या कोलाहलात टॉर्शनची कुजबुज ऐकू येणार नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने यावर जो तोडगा काढला तो असा: अल्निको आणि समेरियम-कोबाल्ट या दोन वेगळ्या चुंबकांचे तुकडे वर्तुळात असे बसवायचे की त्यांचे चुंबकत्व आतल्या आत फिरून बंद होईल आणि बाहेर काहीच पडणार नाही. दोन्ही पदार्थांत चुंबकत्वातला स्पिनचा वाटा वेगवेगळा असल्यामुळे चुंबकत्व शून्य होऊनही स्पिन मात्र शिल्लक राहतो. अशा लंबकात एकावर तेवीस शून्ये इतक्या संख्येच्या आसपास इलेक्ट्रॉनांचा स्पिन एका दिशेला होता आणि तरी जवळ होकायंत्र धरले तर त्याची सुई हलू नये, अशी त्याची रचना होती. त्या मोजमापाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कोस्टेलेकी, रसेल आणि टॅसन यांनी स्पिनवरच्या अशा प्रयोगांच्या आधाराने टॉर्शन असलेच तर जास्तीत जास्त किती असू शकेल, याच्या अतिशय कडक मर्यादा काढल्या. टॉर्शन सापडले नाही.

थोडक्यात, खरे टॉर्शन शोधणाऱ्यांचे निम्मे कसब आपले उपकरण चुंबकत्वाला आंधळे करण्यात खर्च होते. मामांच्या पेटीत मात्र चुंबकत्वाखेरीज दुसरे काहीही न दिसणारी वस्तू बसवून तिला टॉर्शनचा डोळा म्हटले होते.

मग हा विकला जाणारा टॉर्शन आला कुठून? १९८० च्या दशकात सोव्हिएत संघात अनातोली अकिमोव्ह आणि नंतर गेन्नादी शिपोव्ह यांनी ‘टॉर्शन क्षेत्रे’ नावाचा पसारा मांडला. ही क्षेत्रे कशातूनही आरपार जातात, ऊर्जा न खर्चता निरोप पोहोचवतात, खनिजे शोधतात आणि आजार बरे करतात, असे दावे होते आणि त्यासाठी सरकारी पैसाही मिळाला. १९९१ साली तिथल्या संसदेच्या विज्ञानविषयक समितीनेच या खर्चावर ताशेरे ओढले, आणि पुढे १९९८ साली रशियन विज्ञान अकादमीने छद्मविज्ञानाविरुद्ध स्वतंत्र आयोग नेमला, तेव्हा त्याच्या टीकेच्या प्रमुख लक्ष्यांत हे प्रकरण होते. कार्तांचे नाव घेऊन अकिमोव्हचा माल विकायचा ही पद्धत तेव्हापासूनची आहे. ती खान्देशात पोहोचायला तीस वर्षे लागली, एवढेच.

आता पेटीकडे वळतो. ती उघडल्यावर आत दोनशे रुपयांच्या आत मिळणारी, विद्यार्थी प्रोजेक्टसाठी हमखास आणतात ती होकायंत्राची चिप निघाली. त्यावर एचएमसी ५८८३एल असे छापले होते, पण तिचा पत्ता विचारल्यावर तिने जे उत्तर दिले त्यावरून ती क्यूएमसी ५८८३एल आहे हे कळले. बाजारात ही अदलाबदल इतकी सर्रास चालते की मुले आता त्याबद्दल तक्रारही करत नाहीत. चिप वाईट नाही. तीन परस्परलंब दिशांना चुंबकीय क्षेत्र किती आहे हे ती सांगते आणि मायक्रोटेस्ला या एककाच्या काही दशांशांपर्यंतचा फरक ओळखते. आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४४ ते ४५ मायक्रोटेस्ला असते आणि ते उत्तरेकडे सुमारे तीस अंशांनी जमिनीत झुकलेले असते. पेटीतल्या प्रोग्रॅममध्ये यांपैकी एकाच दिशेचा आकडा घेतला होता, आणि तो अर्ध्या मायक्रोटेस्लाहून जास्त बदलला की बीप वाजत होते.

यातला दोष टेबलावरच दिसला. पेटी लाकडी टेबलावर ठेवून एका बाजूला पुठ्ठ्याचा पातळ तुकडा सरकवला आणि ती जेमतेम एक अंश कलली, तर एकाच दिशेच्या आकड्यात पाऊण मायक्रोटेस्लाचा फरक पडू शकतो आणि बीप वाजते. शेतातल्या ढेकळांवरून पेटी हातात धरून चालणाऱ्या माणसाचा हात एका अंशाहून कमी हलेल, हे शक्यच नाही. पाणाड्याच्या हातातल्या दुबेळक्यासारखेच इथेही मनगट बोलत होते, फक्त त्याला आता बॅटरी लागत होती.

पण मामांचा एक मुद्दा यातून सुटत नव्हता. विहिरीजवळच्या एका जागी पेटी जमिनीवर स्थिर ठेवली तरी तिच्या पडद्यावरचा आकडा संथपणे वर-खाली होत असे, जणू कोणी श्वास घेत आहे, आणि विकणाऱ्याने तोच जमिनीखालच्या पाण्याचा टॉर्शन प्रवाह असल्याचे सांगितले होते. मनगटाचा इथे संबंध नव्हता. संक्रांतीच्या सुट्टीत मी लॅपटॉप घेऊन शेतावर गेलो आणि तो श्वास खरोखरच दिसला. कधी वीस सेकंदांचा, कधी मिनिटभराचा, एका लयीत नव्हे पण थांबतही नाही असा. मी खरे सांगतो, अर्धा दिवस मला काहीही सुचले नाही.

उलगडा झाला तो दुपारी दोनच्या सुमारास थ्री-फेज गेल्यावर. शेतीच्या फीडरची पाळी संपली, विहिरीवरची मोटर बंद पडली आणि त्याच क्षणी पडद्यावरचा श्वासही थांबला. पाणी जमिनीखाली असेलच तर ते महावितरणचे वेळापत्रक पाहून वाहत नसणार. मग हिशेब सोपा होता. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो आणि पेटी सेकंदाला बरोबर दहा वेळा वाचन घेत होती. सारंगखेड्याच्या यात्रेतला उंच पाळणा डोळे मिटून उभे राहून, त्याच्या नेमक्या पाच फेऱ्यांना लागतो तेवढ्या ठरलेल्या वेळाने एकदाच डोळे उघडून पाहिला, तर प्रत्येक वेळी तोच पाळणा वर दिसेल आणि चक्र थांबले आहे असे वाटेल. चक्र किंचित मंद झाले तर तेच चक्र मागे मागे सरकताना दिसेल, तेही अगदी हळू. आपल्या ग्रिडची वारंवारता बरोबर पन्नास कधीच नसते, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ती ठेवण्याचा प्रयत्न असतो. ती ४९.९५ असेल तर दहाच्या वाचनातून वीस सेकंदांची लाट दिसते, ५०.०२ असेल तर पन्नास सेकंदांची. देशभरातल्या वीजनिर्मितीचा आणि मागणीचा मेळ क्षणाक्षणाला कसा बसतो, हे ती पेटी दाखवत होती. त्यात दीपनगरच्या औष्णिक केंद्राचाही वाटा असेल. अठरा हजारांत हे काही वाईट नाही, पण जाहिरात वेगळ्या गोष्टीची होती.

प्रोग्रॅम बदलून सेकंदाला दोनशे वाचने घ्यायला लावली तेव्हा संध्याकाळी आलेल्या विजेबरोबर पन्नास हर्ट्झची स्वच्छ लाट समोर आली. तरीही एक प्रश्न उरला. चांगल्या केबलमध्ये तीन फेजचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे केबलपासून हातभर अंतरावर क्षेत्र फार राहायला नको. इथे ते राहत होते. चुंबकीय क्षेत्रातला खरा पीळ मोजायची वेळ इथे आली. क्षेत्राला गोल फिरवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे विद्युतप्रवाह, हा अँपिअरचा नियम आहे. एका जागी ठेवलेल्या एका सेन्सरला हा गोलावा कधीच कळत नाही, कारण त्यासाठी क्षेत्र एका बंद वाटेवर सगळीकडे मोजून त्याची बेरीज करावी लागते. हे करणारे उपकरण गावातल्या प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असते. क्लॅम्प मीटरचा जबडा एका वायरीभोवती बंद केला की तो त्या बंद वाटेवरची बेरीजच करतो. मी तिन्ही वायरी एकत्र जबड्यात घेतल्या. आकडा शून्य यायला हवा होता, तो १.८ अँपिअर आला. सरळ वायरीतल्या एक अँपिअर प्रवाहाचे क्षेत्र एक मीटरवर ०.२ मायक्रोटेस्ला असते, म्हणजे पेटीला जे दिसत होते त्याचा ताळा बसला. केबलच्या जोडावरची टेप कुजली होती आणि जवळजवळ दोन अँपिअर वीज विहिरीच्या ओलीतून जमिनीत उतरत होती. मामा त्या विहिरीच्या पायऱ्या रोज अनवाणी उतरत होते. त्या दिवशी टॉर्शनवरची चर्चा तिथेच थांबली आणि वायरमनला बोलावणे गेले.

नवा जोड घातल्यावर त्या जागेचा श्वास बंद झाला. विकणाऱ्याला मामांनी फोनवर हे सांगितले, तेव्हा यंत्र बिघडले असावे, परत पाठवा, असे उत्तर आले.

विजेने चुंबकीय मोजमाप नासते हे काही नवे दुःख नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची नोंदही तिथे झाली आणि आजही ती जगभर अभ्यासली जाते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा या नोंदी निरुपयोगी होतील, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली लोखंड कटाक्षाने टाळून अलिबागला नवी वेधशाळा बांधण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेऊन जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळवला, आणि मगच कुलाब्याचे मोजमाप थांबवले. ते काम आज भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. मोजायचे काय आणि टाळायचे काय हे आधी ठरवण्याची ही शिस्त त्या पेटीत नव्हती. मीही ती शेतावर गेल्यावरच शिकलो.

इथे मामांनी मला पेचात पकडले. "म्हंजे चुंबकनं पानीबद्दल काहीच कयत नही?" असे त्यांनी विचारले, आणि प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे देता येत नव्हते. पाणी चुंबकाला कळत नाही, पण आपल्या भागातला दगड कळतो. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बसाल्टच्या थरांना उभे चिरत गेलेले दोनशेहून अधिक डाईक आहेत. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगांतच थिजून झालेल्या या दगडी भिंती आहेत. बहुतेक भिंती तापीला साधारण समांतर, पूर्व-पश्चिम धावतात आणि काही कित्येक किलोमीटर लांब आहेत. झीज सोसून काही ठिकाणी त्या टेकड्यांच्या काळ्या कण्यासारख्या वर राहिल्या आहेत आणि काही ठिकाणी मातीखाली दडल्या आहेत. पाण्याच्या दृष्टीने अशी भिंत म्हणजे जमिनीखालचा बांध. अखंड असेल तर चढाच्या बाजूला पाणी अडते आणि उताराच्या बाजूची विहीर कोरडी राहते, तडकलेली असेल तर तिच्याच भेगांतून पाणी वाहते. भूजलाचा अभ्यास करणारे लोक म्हणूनच डाईक कुठे आहे हे आधी शोधतात, आणि त्यासाठी मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र, घेऊन चालणे ही रुळलेली पद्धत आहे.

बसाल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीची चुंबकीय खनिजे असतात आणि लाव्हा थिजताना त्या वेळचे पृथ्वीचे क्षेत्र त्यांच्यात गोठून राहते. १९५० च्या दशकात ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक ब्लॅकेट यांच्या प्रेरणेने लंडनमध्ये क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या दगडांचे हे गोठलेले चुंबकत्व मोजले, तेव्हा भारत त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे त्यातून दिसले. खंड सरकतात या गोष्टीच्या सुरुवातीच्या भक्कम पुराव्यांपैकी हा एक. दख्खनच्या लाव्हाचा मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असताना थिजला. म्हणजे मामांच्या विहिरीच्या कडेचा दगड आजच्या होकायंत्राच्या उलट दिशा धरून बसलेला असण्याची शक्यता बरीच. यात गूढ वाटावे असे इतके आहे की त्यावर आणखी टॉर्शन लादायची गरज पडू नये.

एप्रिलमध्ये, रान मोकळे झाल्यावर, आम्ही मोजणी केली. त्या पेटीतली चिप यासाठी पुरेशी नव्हती, म्हणून आरएम ३१०० नावाचा थोडा महाग पण दहा-वीस नॅनोटेस्लाचा (नॅनोटेस्ला म्हणजे मायक्रोटेस्लाचा हजारावा भाग) फरक ओळखणारा सेन्सर मागवला. खरे काम प्रोटॉन मॅग्नेटोमीटरने करतात. त्यात पाण्याच्या किंवा रॉकेलच्या बाटलीतले प्रोटॉन एका दिशेला वळवून सोडून देतात आणि ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भिंगरीसारखे डोलत जो सूर देतात त्याची वारंवारता मोजतात. आपल्याकडे तो सूर सुमारे १९०० हर्ट्झचा असतो, म्हणजे कानाला ऐकू येईल असा. ते उपकरण मला मिळाले नाही.

उत्तर-दक्षिण दोरी ताणली आणि दर दोन मीटरवर, लोखंडी खिळा नसलेल्या, दोरीने बांधलेल्या बांबूच्या तिवईवर सेन्सर ठेवून तिन्ही दिशांची एकत्रित तीव्रता नोंदवली. ही तीव्रता सेन्सर कलल्याने बदलत नाही, निदान तिन्ही दिशांचे आकडे आधी नीट जुळवून घेतले असतील तर. ते जुळवण्यात माझा पहिला दिवस गेला. मोबाईल, किल्ल्या, कमरेचा पट्टा, मामांचा विळा, सगळे आंब्याखाली ठेवले. दर अर्ध्या तासाने पहिल्या खुंटीवर परत येऊन पुन्हा मोजले, कारण सूर्यामुळे पृथ्वीचे क्षेत्र सकाळ ते दुपार काही दहा नॅनोटेस्लांनी चढते-उतरते आणि तो फरक वजा केला नाही तर दुपारच्या उन्हालाच आपण खडक समजून बसतो. दुसऱ्या दिवशी एक झकास शिखर सापडले. तिथे उकरल्यावर नांगराचा जुना फाळ निघाला.

तिसऱ्या दिवशी मात्र शेताच्या उत्तरेकडच्या तिसऱ्या हिश्श्यात साधारण बारा मीटरच्या पट्ट्यात आकडा सहाशे नॅनोटेस्लांनी चढून मग तितकाच खाली आला, आणि पूर्वेकडे तीस मीटर सरकून ताणलेल्या दुसऱ्या दोरीवरही तो जवळपास त्याच अंतरावर सापडला. दोन्ही जागा जोडणारी रेघ पुढे वाढवली तर ती नाल्यात उघड्या पडलेल्या काळ्या दगडांवर जाते. मामांनी ते दगड लहानपणापासून पाहिले होते. त्यांच्यावर बसून त्यांनी डबा खाल्ला होता. तिन्ही कोरड्या बोअर त्या रेघेच्या दक्षिणेला, म्हणजे उताराच्या बाजूला आहेत आणि जुनी विहीर, जिला मार्चपर्यंत पाणी टिकते, ती उत्तरेला आहे.

यावरून चौथी बोअर कुठे घ्यावी हे मी सांगितले नाही आणि मामांनीही विचारले नाही. जूनच्या आधी त्यांनी रेघेच्या उत्तरेला, नाल्याचे पाणी वळवता येईल अशा जागी पुनर्भरणासाठी एक खड्डा घेऊन त्यात दगड-वाळू भरली, आणि जुन्या विहिरीत दर रविवारी गाठी मारलेली दोरी सोडून पाण्याची पातळी वहीत लिहायला सुरुवात केली. दोन दोऱ्यांवरून भिंत एका रेघेत आहे म्हणणे थोडे धाडसाचे आहे, हे मला ठाऊक आहे. पश्चिमेला आणखी तीन दोऱ्या ताणायच्या आहेत, पण तिकडे कपाशी छातीएवढी उभी आहे. दिवाळीनंतर वेचणी उरकली की त्या घेऊ, असे ठरले आहे, आणि तोपर्यंत पेटीतली चिप काढून मी ती यंदाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ग्रिडची वारंवारता मोजायला दिली आहे.